बन्सन: शाळेतल्या बर्नरवाला माणूस आणि तुमच्या घरातला गॅस गीझर

बन्सन बर्नर हे नाव आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेत पाठ केलंय. आकृती काढली, भागांना नावं दिली, दोन मार्क मिळाले, विषय संपला. पण हा बन्सन कोण होता, हे गुगल करून बघितलेले फार थोडे असतील. बर्नर हे त्याच्या आयुष्यातलं तसं छोटंसं काम होतं, आणि तेही पूर्णपणे त्याचं एकट्याचं नव्हतं.

आता त्याची आठवण काढायचं कारण वेगळं आहे. थंडी सुरू झाली की बंद बाथरूममध्ये गॅस गीझरमुळे कुणाचा तरी जीव गेल्याची बातमी दरवर्षी येते. मेलेला माणूस बऱ्याचदा तरुण, धडधाकट असतो. दार आतून बंद, नळ सुरू, गीझर सुरू. खाली कमेंटमध्ये लोक लिहितात की गॅस लीक झाला असेल. बहुतेक वेळा गॅस लीक झालेलाच नसतो. तो व्यवस्थित पेटलेला असतो, आणि तीच अडचण असते. हे नीट समजून घ्यायचं असेल तर बन्सनच्या आयुष्यासारखी सोयीची गोष्ट दुसरी नाही. गीझर हा शब्द, गीझरमधली निळी ज्योत, धुरातला विषारी वायू मोजायची पद्धत आणि तो वायू रक्तात काय करतो याचा शोध, या सगळ्याचे धागे कुठे ना कुठे याच माणसापाशी येतात.

रॉबर्ट विल्हेल्म बन्सन १८११ च्या मार्च महिन्यात जर्मनीतल्या ग्योटिंगेन गावात जन्मला. चार भावांत सगळ्यात धाकटा. वडील तिथल्याच विद्यापीठात भाषांचे प्राध्यापक आणि ग्रंथपाल. विशीच्या आसपासच त्याने डॉक्टरेट मिळवली आणि सरकारी मदतीवर युरोप बघायला निघाला. कारखाने, खाणी, प्रयोगशाळा बघत तो पॅरिस, व्हिएन्नापर्यंत फिरला. ही सवय पुढे आयुष्यभर टिकली. पुस्तकातलं रसायनशास्त्र त्याला पुरायचं नाही. धूर जिथे निघतो तिथे जाऊन तो मोजायचा.

परत आल्यावर त्याने आर्सेनिकवर काम सुरू केलं. १८३४ मध्ये बर्टहोल्ड नावाच्या डॉक्टरबरोबर त्याने दाखवून दिलं, की ताजा बनवलेला, पाणी धरून ठेवणारा लोह ऑक्साईड पोटात गेला तर तो आर्सेनिकला पकडून ठेवतो आणि विष अंगात भिनत नाही. विषबाधेवर उतारा शोधला आणि मग गडी त्याच विषाच्या मागे लागला. कासेल आणि नंतर मारबुर्गला शिकवत असताना त्याने कॅकोडिल नावाच्या आर्सेनिकच्या संयुगांचा अभ्यास केला. ही संयुगं भयंकर घाण वास मारतात, हवेत आपोआप पेट घेतात आणि वर विषारी. एका स्फोटात बन्सनचा उजवा डोळा कायमचा गेला. विषबाधेने तो मरता मरता वाचला. बरा झाल्यावर काम पुन्हा सुरू.

या कामातली एक युक्ती लक्षात ठेवा. कॅकोडिल सायनाइड हाताळताना तो प्रयोग उघड्यावर करायचा आणि तोंडात एक लांब नळी धरायचा. नळीचं दुसरं टोक वाफेच्या पलीकडे, स्वच्छ हवेत. श्वास तिकडचा, काम इकडे. आज बाजारात बंद पेटीचे गॅस हीटर मिळतात, ज्यांना बॅलन्स्ड फ्लू किंवा रूम सील्ड म्हणतात. ते अगदी हेच करतात. ज्योतीला लागणारी हवा एका नळीने घराबाहेरून आत येते, धूर दुसऱ्या नळीने बाहेर जातो आणि खोलीतल्या हवेशी ज्योतीचा काही संबंध राहत नाही. किंमत जास्त असते, पण परवडत असेल तर माझं मत सरळ यालाच.

भट्टीचा धूर मोजणारा प्राध्यापक

१८३८ च्या सुमाराला बन्सनने लोखंडाच्या भट्ट्यांकडे मोर्चा वळवला. त्या काळी भट्टीच्या तोंडातून मोठमोठ्या ज्वाळा आणि धूर नुसता आकाशात जायचा. त्यात काही दोष आहे असं कुणाला वाटायचं नाही. बन्सनने भट्टीत वेगवेगळ्या खोलीवर नळ्या घालून वायूचे नमुने बाहेर काढले आणि प्रत्येक वायू किती टक्के आहे हे मोजलं. जर्मनीतल्या कोळशाच्या भट्ट्यांत निम्म्याहून जास्त उष्णता वाया जात होती. पुढे १८४५ मध्ये ल्योन प्लेफेअर या शास्त्रज्ञाबरोबर त्याने इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या आल्फ्रेटन इथल्या भट्ट्या तपासल्या. तिथे तर ८० टक्क्यांहून जास्त उष्णता धुराबरोबर निघून जात होती.

वाया जाणाऱ्या त्या वायूत एक मोठा वाटेकरी होता कार्बन मोनॉक्साईड. कोळसा पूर्ण जळला तर कार्बन डायऑक्साईड होतो. ऑक्सिजन कमी पडला तर कार्बनच्या वाट्याला दोनऐवजी एकच ऑक्सिजन येतो आणि अर्धवट जळलेला मोनॉक्साईड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना चुरचुरत नाही. तो अजून जळू शकतो, म्हणजे त्यात इंधन शिल्लक असतं. कारखानदारांनी बन्सन आणि प्लेफेअरचा अहवाल वाचला तो पैसे वाचवण्यासाठी. वरचा वायू पकडून पुन्हा वापरता येतो हे त्यातून कळलं. आपल्यासाठी त्या कामाचा अर्थ असा, की धुरात काय आहे ते डोळ्यांना किंवा नाकाला विचारून कळत नाही, ते मोजावंच लागतं. वायू मोजण्याच्या त्याच्या पद्धतींचं पुस्तक १८५७ मध्ये आलं. आयुष्यभरात त्याने लिहिलेलं एवढं एकच पुस्तक.

इथेच एक गैरसमज काढून टाकू. स्वयंपाकघरात पाइपने येणाऱ्या गॅसला, म्हणजे पीएनजीला, जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो. गळती कळावी म्हणून. गॅस जळला की तो वासही जळून जातो. त्यामुळे वास येत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, हे गळतीच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरं असलं तरी मोनॉक्साईडच्या बाबतीत साफ खोटं आहे. आणि हो, प्ले स्टोअरवरचं कुठलंही ॲप हा वायू शोधू शकत नाही. साध्या स्मार्टफोनमध्ये तो सेन्सरच नसतो. कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म वेगळा घ्यावा लागतो.

गीझर पाहायला आइसलंडला

१८४५ मध्ये आइसलंडमधल्या हेक्ला ज्वालामुखीचा उद्रेक झाला. पुढच्या वर्षी डेन्मार्क सरकारच्या मदतीने शास्त्रज्ञांची एक तुकडी तिकडे गेली, त्यात बन्सन होता. तिथे एक उकळता झरा आहे, ठराविक काळ शांत राहतो आणि मग पाण्याचा उंच फवारा उडवतो. त्याचं नाव गेसिर. उसळणे या अर्थाच्या आइसलंडी शब्दावरून आलेलं. बन्सनने पुढच्या उसळीच्या आधी या झऱ्याच्या नळीत दोरीने थर्मामीटर सोडले. अर्थातच, कुणी शहाणा माणूस हे करणार नाही. खोलवर पाण्याचं तापमान १२० अंश सेल्सिअसच्या वर भरलं, तरी ते उकळत नव्हतं, कारण वरच्या पाण्याचा दाब. ते पाणी थोडं वर ढकललं गेलं की दाब कमी होतो, पाणी एकदम उकळतं आणि वरचं सगळं बाहेर फेकलं जातं. प्रयोगशाळेत परतल्यावर त्याने छोटा कृत्रिम गीझर बनवून हे दाखवलंसुद्धा.

आपल्या बाथरूममधल्या डब्याला गीझर हे नाव मिळालं ते पुढे २२ वर्षांनी. १८६८ मध्ये लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉन या रंगकाम करणाऱ्या माणसाने गॅसवर झटपट पाणी तापवणारं यंत्र काढलं आणि आइसलंडच्या झऱ्यावरून त्याचं नाव ठेवलं गीझर. गॅसच्या गरम धुरातूनच पाणी खाली यायचं आणि तापायचं. त्या यंत्राला धूर बाहेर नेणारी नळी नव्हती. सगळा धूर न्हाणीघरात. म्हणजे आज आपण ज्याला जीवघेणी चूक म्हणतो ती पहिल्याच मॉडेलमध्ये होती. सॉफ्टवेअरच्या भाषेत, व्हर्जन १.० चा बग दीडशे वर्षांनीही प्रॉडक्शनमध्ये आहे, फक्त आता कोड बरोबर आहे आणि डिप्लॉयमेंट चुकतंय.

हायडेलबर्ग आणि ती निळी ज्योत

१८५२ मध्ये बन्सन हायडेलबर्गला आला आणि मग कुठे गेला नाही. आधीची प्रयोगशाळा एका जुन्या मठात होती. नवीन इमारत १८५५ मध्ये तयार झाली. गावात नुकताच गॅस आला होता, रस्त्यावरच्या दिव्यांसाठी. बन्सनने तो गॅस प्रयोगशाळेत घेतला.

त्या काळचा गॅस कोळशापासून बनवलेला असायचा. त्यात हायड्रोजन, मिथेन आणि चक्क कार्बन मोनॉक्साईड असायचा. म्हणजे न जळलेला गॅस नुसता हुंगला तरी विषबाधा. आपल्या पीएनजीत मोनॉक्साईड नसतो, त्यात मुख्यतः मिथेन असतो. त्यामुळे तो खरोखर जास्त सुरक्षित आहे. पण मोनॉक्साईड आत आला नाही तरी नीट जळलं नाही की जागेवर तयार होतो.

गॅसची साधी ज्योत पिवळी आणि धुरकट असते. त्या पिवळ्या रंगाचं कारण म्हणजे जळायला हवा न मिळालेले कार्बनचे बारीक कण, तापून चमकणारे. दिव्याला तो पिवळेपणा हवा असतो. रसायनशास्त्रज्ञाला नको, कारण भांड्याला काजळी धरते आणि उष्णता कमी मिळते. बन्सनचा विद्यार्थी आणि मित्र हेन्री रॉस्को याने लंडनहून एक बर्नर आणला होता, पण त्यावर बन्सनचं समाधान झालं नाही. मायकेल फॅरडेनेही आधी हवा मिसळणारा एक बर्नर केला होता. बन्सनने कल्पना पक्की केली आणि विद्यापीठाचा कारागीर पेटर डेसागा याने ती धातूत उतरवली. बारीक छिद्रातून गॅस जोरात बाहेर पडतो, जाता जाता बाजूच्या भोकांतून हवा ओढून घेतो, दोन्ही नळीत मिसळतात आणि तोंडाशी येऊन जळतात. ज्योत निळी, गरम, जवळजवळ बिनकाजळीची. १८५७ मध्ये बन्सन आणि रॉस्कोने त्याचं वर्णन छापलं. पेटंट घेतलं नाही. डेसागाने बर्नर बनवून विकले, नंतर इतरांनीही. ओपन सोर्स म्हणायला हरकत नाही.

तुमच्या घरातली शेगडी आणि गॅस गीझर, अमेरिकेत किंवा कॅनडात राहणाऱ्या तुमच्या ताईच्या घरचा गॅस हीटर, सगळ्यांच्या पोटात हेच तत्त्व आहे. म्हणून त्यातून काही कामाच्या गोष्टी निघतात.

पहिली, ते बारीक छिद्र. फिटर त्याला जेट किंवा नोझल म्हणतात. ते गॅसप्रमाणे ठरतं. एक लिटर मिथेन जाळायला सुमारे १० लिटर हवा लागते, सिलिंडरमधल्या एलपीजीला प्रत्येक लिटरमागे त्याच्या अडीच-तीन पट. पीएनजीचा गीझर एलपीजीवर लावला तर ज्योत मोठी, पिवळी, काजळी धरणारी होते आणि मोनॉक्साईडचा कारखाना सुरू होतो. एलपीजीचा गीझर पीएनजीवर लावला तर ज्योत मिणमिणते. मग कुणीतरी जुगाडू माणूस जेटचं भोक खिळ्याने मोठं करतो. हे कधीही करू देऊ नका. सोसायटीत पाइपगॅस आला म्हणून गीझर बदलायचा असेल, तर कंपनीचा त्या गॅससाठीचा संच अधिकृत माणसाकडूनच बसवून घ्या, नाहीतर नवीन गीझर घ्या. काही मॉडेलांचं रूपांतर होतच नाही.

दुसरी, हवा आत घेणारी भोकं. त्यात धूळ, कापसाचे धागे, कोळिष्टकं अडकली की हवा कमी पडते. म्हणून वर्षातून एकदा सर्व्हिसिंग, शक्यतो थंडीच्या आधी.

तिसरी जरा कमी लोकांना माहिती असते. निळ्या ज्योतीच्या आतल्या भागातही मोनॉक्साईड असतो. तो बाहेरच्या थरात पोचल्यावर पूर्ण जळतो. ज्योत तिथे पोचायच्या आधीच एखाद्या थंड पत्र्याला आदळली तर विझते आणि तो मोनॉक्साईड तसाच सुटतो. गीझरमधल्या तांब्याच्या पातळ पानांवर काजळी धरली, त्यांच्यातल्या फटी बुजल्या, की नेमकं हेच होतं. म्हणून ज्योत निळी दिसतेय एवढ्यावर निर्धास्त राहू नये. पिवळी, लुळी, वर लांबणारी ज्योत दिसली तर मात्र गीझर त्याच क्षणी बंद. मिठाचा किंवा धुळीचा कण पडून क्षणभर केशरी ठिणगी चमकली तर ते वेगळं. ते का, ते पुढे येतंच.

आता बर्नर आणि बाथरूम यांचं गणित. हे मी एकदा कागदावर मांडलं आणि त्यानंतर मला बातम्यांचं आश्चर्य वाटेनासं झालं. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला पाण्यात साधारण साडेदहा किलोवॉट उष्णता जावी लागते. थोडी उष्णता धुराबरोबर जाणारच, म्हणून बर्नर सुमारे १३ किलोवॉटचा धरू. त्यासाठी मिनिटाला अंदाजे २२ लिटर मिथेन, म्हणजे २२० लिटर हवा. आता ४ बाय ६ फुटांचं, ८ फूट उंच बाथरूम घ्या. आतली सगळी हवा मिळून होते साधारण ५४०० लिटर. १० मिनिटं गीझर चालला तर २२०० लिटर हवा त्याने वापरली. खोलीतली ४० टक्के. ज्योत आणि तुम्ही एकाच हवेवर जगताय, आणि ज्योतीचा वाटा कितीतरी मोठा आहे. ऑक्सिजन उतरू लागला की ज्योत अर्धवट जळायला लागते, म्हणजे मोनॉक्साईड वाढायला लागतो. चांगला ब्रँड, नवीन मॉडेल, फाइव्ह स्टार, यातलं काहीच हे गणित बदलत नाही.

बन्सनच्या बर्नरला धुराडं नसतं, कारण तो छोटा असतो आणि मोठ्या हवेशीर खोलीत जळतो. गीझरला धुराडं लागतंच. म्हणून व्हेंटेड, म्हणजे धूर बाहेर नेणारा हीटर. त्याच्या डोक्यावरच्या नळीला फ्लू म्हणतात. गरम धूर हलका असतो, वर चढतो, मागून हवा ओढतो. यात विजेचा पंखा नसेल तर ही ओढ फार नाजूक असते, हे ध्यानात घ्या. नळी धातूचीच हवी, गीझरच्या तोंडाएवढ्याच व्यासाची, मध्ये कुठे बारीक केलेली नको. गीझरमधून आधी सरळ वर, मग वळण. लांबलचक आडवी नेऊ नये, चार-चार कोपरे देऊ नयेत. आणि तिचं तोंड उघड्या आकाशाखाली. इमारतीच्या बंद डक्टमध्ये, फॉल्स सीलिंगच्या वर किंवा शेजाऱ्यांच्या खिडकीसमोर सोडलेली नळी म्हणजे धूर बाहेर गेला असं नाही, फक्त दुसऱ्याच्या घरात गेला. तोंडावर टोपी हवी, नाहीतर कबुतरं घरटं करतात. मिथेन जळताना पाण्याची भरपूर वाफ होते, ती थंड नळीत पाणी होऊन साचते, गंज धरते. त्यामुळे नळी दरवर्षी उघडून बघावी लागते.

नळी असूनही अपघात होतात, त्याचं एक कारण एक्झॉस्ट फॅन. दार-खिडकी बंद, एक्झॉस्ट सुरू. फॅन खोलीतली हवा बाहेर ढकलतो, तिची जागा भरायला हवा कुठून तरी यायलाच हवी, मग ती फ्लूमधूनच उलटी खाली येते, धुरासकट. लोकांनी सुरक्षेसाठी लावलेला फॅनच धूर आत ओढतो. म्हणून हवा आत येण्यासाठी कायमची उघडी जाळी हवी, आणि थंडी वाजते म्हणून तिच्यावर वर्तमानपत्र चिकटवायचं नाही. बसवणाऱ्या माणसाला एक चाचणी करायला लावा. दार बंद, एक्झॉस्ट सुरू, गीझर पाचेक मिनिटं चालू. मग गीझरच्या वर, जिथे फ्लू सुरू होतो त्या फटीशी पेटती उदबत्ती धरायची. धूर आत खेचला गेला तर ओढ बरोबर. बाहेर ढकलला गेला तर गीझर बंद, काम परत. गॅसचा वास येत असेल तर अर्थातच उदबत्ती-काडेपेटी काही नाही. वीज-बटणांना हात न लावता आधी व्हॉल्व्ह बंद आणि खिडक्या उघड्या.

सगळ्यात सोपा उपाय मात्र जागेचा. गीझर बाथरूमच्या आत नकोच. बाल्कनीत किंवा बाहेरच्या हवेशीर पॅसेजमध्ये लावा आणि गरम पाण्याची नळी आत घ्या. ज्यांचा आधीच आत आहे आणि लगेच हलवता येत नाही, त्यांनी दार उघडं ठेवून बादली भरावी, गीझर बंद करावा, थोडं थांबावं, मग आत जावं. हा तात्पुरता इलाज आहे, कायमचा नाही.

रक्त आणि रंग

हायडेलबर्गला बन्सनकडे जगभरातून विद्यार्थी यायचे. मेंडेलिव्ह काही काळ तिथे होता. टिंडाल त्याआधी मारबुर्गला शिकून गेलेला. त्यातला एक होता लोथार मायर, आवर्तसारणीमुळे ओळखला जाणारा. मूळचा वैद्यकाचा विद्यार्थी. त्याने गुरूची वायू मोजायची पद्धत भट्टीऐवजी रक्तावर लावली. १८५० च्या दशकात त्याने दाखवलं, की रक्तातला ऑक्सिजन नुसता विरघळलेला नसतो, तो रक्तातल्या कशाला तरी रासायनिकरीत्या सैलसर धरून असतो, आणि कार्बन मोनॉक्साईड आला की तो नेमकी ऑक्सिजनची जागा घेतो. त्याच सुमाराला पॅरिसमध्ये क्लोद बर्नारही याच निष्कर्षापर्यंत येत होता. ते धरून ठेवणारं काहीतरी म्हणजे हिमोग्लोबिन. मोनॉक्साईड त्याला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. म्हणून हवेत तो अगदी थोडा असला तरी पुरतो. माणूस श्वास घेत राहतो, गुदमरल्यासारखं वाटत नाही, डोकं दुखतं, मळमळतं, पाय लटपटतात आणि दाराची कडी काढायची ताकद उरत नाही.

१८५९ पासून बन्सन आणि गुस्टाव्ह किरशॉफ या भौतिकशास्त्रज्ञाने त्या निळ्या, जवळजवळ रंगहीन ज्योतीचा आणखी एक उपयोग केला. ज्योतीला स्वतःचा रंग नसल्यामुळे तिच्यात टाकलेल्या पदार्थाचा रंग स्वच्छ दिसतो. तो प्रकाश प्रिझममधून पाठवला की प्रत्येक मूलद्रव्याच्या ठरलेल्या रेषा दिसतात. सोडियमची पिवळी रेषा तर इतकी हट्टी, की मिठाचा कणभर अंशही पुरतो. शेगडीवर मीठ सांडल्यावर दिसणारी केशरी-पिवळी चमक तीच. याच पद्धतीने त्यांनी १८६० मध्ये सीझियम आणि १८६१ मध्ये रुबिडियम शोधलं. सीझियमसाठी ड्युर्कहाइमच्या झऱ्याचं सुमारे ४० टन पाणी आटवलं, हाती आले काही ग्रॅम क्षार. काही वर्षांनी, १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात, यान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने गुंटूरहून सूर्यावर रोखलं ते याच जातीचं यंत्र.

आणि तुमच्या घड्याळात तेच तत्त्व बसलंय. स्मार्टवॉच किंवा बोटाला लावायचा ऑक्सिमीटर लाल आणि अवरक्त प्रकाश टाकून रक्ताचा रंग मोजतो. गोची अशी, की मोनॉक्साईड चिकटलेलं हिमोग्लोबिनही लालभडक असतं आणि त्या लाल प्रकाशात ऑक्सिजनवाल्यासारखंच दिसतं. त्यामुळे माणूस विषबाधेने कोसळलेला असतानाही आकडा ९८ दाखवू शकतो. कोविडनंतर आपला या आकड्यावर फार विश्वास बसलाय. गीझर किंवा हीटर चालू असताना घरात दोघा-तिघांना एकदम डोकेदुखी, चक्कर सुरू झाली तर आकडा बघत बसू नका. सगळ्यांनी बाहेर मोकळ्या हवेत, शक्य असेल तर जाता जाता गॅस बंद, दारं उघडी, आणि १०८ किंवा ११२ ला फोन. डॉक्टरांना गॅस गीझर चालू होता हे स्पष्ट सांगा, म्हणजे ते रक्ताची योग्य तपासणी करतील आणि ऑक्सिजन लावतील. बाथरूममध्ये कुणी पडलेलं असेल तर दार तोडून आधी त्याला बाहेर ओढा. आत थांबून तोंडावर पाणी मारत बसलेला दुसरा माणूसही पडतो.

बन्सनने लग्न केलं नाही. विसरभोळेपणाचे त्याचे किस्से हायडेलबर्गमध्ये पुष्कळ चालायचे. आगीशी खेळून बोटं इतकी निबर झाली होती, की तापलेल्या मुशीचं झाकण तो सरळ हाताने उचलायचा. त्याच्याकडे शिकलेल्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख याने १८८५ मध्ये गॅसच्या ज्योतीवर चढवायच्या जाळीचं पेटंट घेतलं. निळ्या ज्योतीवर ती जाळी तापून पांढरीशुभ्र चमकते. गावाकडच्या जत्रेत, लग्नाच्या वरातीत डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालणारी माणसं आजोबांना विचारा, त्या बत्तीत हीच जाळी असायची.

१८८९ मध्ये, ७८ व्या वर्षी, बन्सन निवृत्त झाला. शेवटची वर्षं भूगर्भशास्त्र वाचण्यात गेली, आइसलंडपासून लागलेला नाद. १६ ऑगस्ट १८९९ रोजी हायडेलबर्गमध्येच त्याचा मृत्यू झाला. साधारण त्याच दशकात जर्मनीतच हुगो युंकर्स नावाचा इंजिनियर, जो पुढे विमानांसाठी प्रसिद्ध झाला, गॅसवर पाणी तापवणारी यंत्रं बनवून विकू लागला होता.